रात्रीची दारू सकाळी कुठे असते?

गटारी झाली, श्रावण लागला, आणि दरवर्षीसारखी या महिन्यात एकाच विषयाची पत्रं ढिगाने आली. शब्द वेगळे पण विचारणं एकच, की प्यायल्यावर दारू अंगात किती वेळ राहते. कुणाला ड्युटीची काळजी, कुणाला बाळाची, कुणाला नवऱ्याची. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकात ढकललेत आणि सगळी जागा याला दिलीय. पत्रं थोडी कापली आहेत, नावं नेहमीप्रमाणे काढून टाकलीत.

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी स्कूल व्हॅन चालवतो. वजन ५५ किलो. रोज रात्री दहाच्या सुमाराला बसतो आणि एक क्वार्टर घेतो, साडेअकरापर्यंत जेवून झोपतो. सकाळी पाचला उठून आंघोळ, देवपूजा, चहा, आणि सहाला गाडी काढतो. मला काही चढलेली वगैरे वाटत नाही, डोकं एकदम क्लिअर असतं. पण परवा बायको म्हणाली की सकाळीपण तुमच्या तोंडाला वास येतो. मुलं गाडीत असतात म्हणून विचारतो, सकाळपर्यंत उतरते ना? – एक वाचक, इस्लामपूर

उत्तर : दादा, तुम्ही मुलांसाठी विचारलंत हे फार बरं केलंत. तुमच्या पत्रात वेळ, वजन, माप सगळं आहे, त्यामुळे हिशोबच मांडू.

क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर बारीक अक्षरात ४२.८ टक्के लिहिलेलं असतं, व्हिस्की, रम असो नाहीतर २५ यूपीवाली (यूपी म्हणजे अंडर प्रूफ, तीव्रतेचं जुनं माप) देशी संत्रा, आकडा तोच. म्हणजे त्यात शुद्ध अल्कोहोल झालं ७७ मिली, वजनात साधारण ६१ ग्रॅम. आता हे ६१ ग्रॅम तुमच्या अंगातल्या पाण्यात पसरतं. माणसाचं सगळं वजन काही पाणी नसतं, पुरुषात वजनाचा साधारण ०.६८ भाग धरतात. ही रीत विडमार्क नावाच्या स्वीडिश शास्त्रज्ञाने बसवली, १९३२ पासून जगभर कोर्टात आणि लॅबमध्ये हाच हिशोब चालतो. तुमच्या ५५ किलोला तो लावला तर रक्तात १०० मिलीमागे १६० मिलिग्रॅमच्या आसपास येतं. पोट भरलेलं असेल तर थोडं कमी, पण फार नाही.

आता उतरायचं बघू. लिव्हर तासाला सरासरी १५ मिलिग्रॅम कमी करतं, कुणाचं १०, कुणाचं २०. दहाला सुरू केलीत तर सहापर्यंत आठ तास. आठ गुणिले पंधरा, १२०. म्हणजे सकाळी सहाला मुलं गाडीत बसताना तुमच्या रक्तात ४० च्या वर शिल्लक असू शकते, आणि कायद्याची मर्यादा आहे ३०. रोज पिणाऱ्याचं लिव्हर सवयीने जरा भरभर काम करतं, तसं असेल तर तुम्ही शून्याच्या जवळ असाल, पण लिव्हर थकलेलं असेल तर ८० सुद्धा असू शकता. तुम्ही कुठल्या बाजूला आहात ते मशीन लावल्याशिवाय ना तुम्हाला कळणार ना मला. आणि हे नुसत्या क्वार्टरचं सांगते. शनिवारी वर एक स्ट्राँग बिअर झाली की रविवार दुपारपर्यंत विषय संपत नाही, कारण स्ट्राँगची ६५० मिलीची बाटली ८ टक्क्यांची असेल तर तिच्यात ४१ ग्रॅम अल्कोहोल असतं, म्हणजे बरोबर दोन मोठे पेग.

झोपेत लिव्हर जास्त काम करतं असं पुष्कळांना वाटतं. नाही करत. लिव्हरमधलं जे एन्झाइम हे काम करतं ते थोड्याशा अल्कोहोलनेच पूर्ण भरून जातं, मग रांगेत कितीही माल उभा असो, रेशनच्या दुकानात एकच काटा असला की कसं होतं तसं, तासाला ठरलेलंच माप निघतं. बाकी बहुतेक औषधांचं असं नसतं, जास्त असलं की शरीर जास्त वेगाने काढतं. दारूचं तसं नाही, म्हणून दुप्पट प्यायली की वेळही दुप्पट लागतो.

आणि "चढलेली वाटत नाही" हे माझ्या दृष्टीने सगळ्यात काळजीचं वाक्य आहे. रोज घेणाऱ्याचा मेंदू सरावतो, पाय लटपटत नाहीत, बोलणं नीट असतं, पण मध्येच सायकलवाला आडवा आला तर ब्रेकवर पाय जायला जो वेळ लागतो तो लांबलेलाच असतो.

मी प्रॅक्टिस सुरू करायच्या आधी तीन वर्षं सरकारी हॉस्पिटलात कॅज्युअल्टीला होते. एकदा लग्नसराईत सकाळी सात-सव्वासातला वऱ्हाडाची क्रूझर पुलाच्या कठड्याला धडकलेली, सगळे जखमी आमच्याकडे आणले. ड्रायव्हर पंचविशीतला, कपाळाला टाके घालत होते तर तो सारखा सांगत होता, मॅडम देवाशपथ सकाळपासून चहाशिवाय काही घेतलं नाही. आंघोळ केलेला, कपाळावर गंध लावलेलं, ते रक्तात मिसळून खाली ओघळत होतं. तो खोटं बोलत नव्हता. रात्री दोनपर्यंत मित्रांबरोबर बसला होता, आणि दोन ते सात म्हणजे पाचच तास. एमएलसी, म्हणजे पोलीस केसची नोंद केली, ब्लड पाठवलं, आणि बऱ्याच दिवसांनी सीए रिपोर्ट, म्हणजे सरकारी लॅबचा रासायनिक तपासणीचा अहवाल आला त्यात मर्यादेच्या दुपटीहून जास्त. गाडीत नवरीची आत्या होती, ती वाचली नाही. तेव्हापासून कुणी मला "रात्रीचीच आहे, सकाळची नाही" म्हटलं की मला ते गंध आठवतं.

तुमच्या वेळापत्रकात क्वार्टर बसत नाही दादा. सहाची गाडी असेल तर शाळेच्या दिवशी अजिबात नको. रोजची एकदम बंद करू नका मात्र, आधी डॉक्टरांना भेटा, का ते शेवटच्या पत्रात लिहिलंय, ते नक्की वाचा. आणि तोपर्यंत सकाळच्या फेरीला दुसरा ड्रायव्हर बघा, त्यात कमीपणा काही नाही. वहिनींना वास येतो तो बरोबर येतो, तो तोंडाचा नसून फुप्फुसातून येतोय.

प्रश्न : लिंबूपाणी, ताक, ब्लॅक कॉफी, थंड पाण्याची आंघोळ, उलटी, यातलं नक्की कशाने लवकर उतरते? आमच्या ग्रुपमध्ये यावर पैज लागली आहे. – पाच मित्र, नाशिक

उत्तर : कशानेच नाही. कॉफीने झोप उडते, दारू तशीच राहते, म्हणजे झोपलेल्या पिलेल्या माणसाचा जागा पिलेला माणूस होतो आणि गाडीची चावी मागतो. लिंबूपाणी, ताक जरूर घ्या, दारूने लघवीला जास्त होतं आणि अंगातलं पाणी कमी होतं, ते भरून निघेल, डोकं जरा कमी दुखेल, पण रक्तातला आकडा हलत नाही. उलटीने फक्त पोटात अजून राहिलेली बाहेर पडते, रक्तात गेलेली नाही. घाम काढून, पळून, व्यायाम करूनही नाही, कारण घाम, श्वास आणि लघवी मिळून जेमतेम २ ते १० टक्के बाहेर जाते, बाकी सगळं लिव्हरच्या अंगावर. आणि मुद्दाम बोटं घालून उलटी कुणाला करायला लावू नका, अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या श्वासनलिकेत गेली तर जीव जातो. असा माणूस झोपला असेल तर कुशीवर वळवून ठेवा आणि जवळ कुणीतरी बसा. हलवूनही उठत नसेल, श्वास फार सावकाश चालला असेल, हातपाय गार पडले असतील तर १०८ ला फोन.

आधी जेवल्याने मात्र थोडा फरक पडतो. उपाशीपोटी अर्ध्या-पाऊण तासात एकदम चढते, जेवणावर घेतली तर हळूहळू रक्तात येते आणि शिखर कमी राहतं. पण आधी जेवलात तर. पिऊन झाल्यावर मटणावर ताव मारून काही उपयोग नाही, तोवर ती रक्तात पोचलेली असते.

आणि सकाळचा उतारा, म्हणजे रात्रीचा त्रास जावा म्हणून सकाळी पुन्हा घेतलेली थोडी दारू. तुम्ही विचारला नाही पण नाशिकला काय सोलापूरला काय, सगळीकडे घेतात. त्याने बरं वाटतं हे खरं, कारण उतरत असलेली पुन्हा वर चढते. रांग लांबते एवढंच. ज्याला रोज सकाळी उतारा लागायला लागला त्याने त्याच आठवड्यात डॉक्टर गाठावा.

प्रश्न : मॅडम, माझ्या धाकट्या भावाला नाकाबंदीत पकडलं. तो म्हणतो एकच बिअर घेतली होती, तीही तीन तास आधी, वर पान खाल्लेलं, तरी मशीनवर ४८ आलं. नंतर हॉस्पिटलात रक्त घेतलं. मशीन चुकीचं असू शकतं का? आणि रक्त घेताना सिस्टरने स्पिरिट लावलं तर तेच रक्तात येत नाही का? – एक वाचक, नागपूर

उत्तर : भावाचं वजन लिहिलं नाहीत, ६८ धरते. स्ट्राँग बिअर असेल तर ४१ ग्रॅम, रक्तात साधारण ८९ पर्यंत जाते, तीन तासांत ४५ उतरली, राहिली ४४. मशीनने ४८ दाखवलं. म्हणजे भाऊ खरं बोलतोय आणि मशीनही. "एकच बिअर" या शब्दाने लोक फसतात, माइल्डची बाटली ५ टक्क्यांपर्यंत आणि स्ट्राँगची ८ पर्यंत, बाटली दिसायला सारखीच.

मशीन तोंडाचा वास मोजत नाही. फुप्फुसात रक्त आणि हवा एकमेकांना अगदी चिकटून असतात, तिथे रक्तातली दारू हवेत येते, ठरलेल्या प्रमाणात, २१०० मिली श्वासात जेवढी तेवढी १ मिली रक्तात असं धरतात. म्हणून पोलीस खोल फुंकायला सांगतात. पान, बडीशेप, वेलची, पेपरमिंट, कच्चा कांदा, याने पोलिसाच्या नाकाला फरक पडेल, मशीनला नाही. उलट एखाद्याने नुकताच अल्कोहोलवाला माउथवॉश वापरला असेल किंवा द्राक्षासव, कुमारी आसव घेतलं असेल (आसव-अरिष्टात आपोआप तयार झालेलं अल्कोहोल असतंच, बाटलीवर लिहिलेलं असतं) तर पहिल्या काही मिनिटांत तोंडातल्या अल्कोहोलमुळे आकडा उगीच मोठा येतो. तो पंधरा मिनिटांत जातो. असं काही घेतलं असेल तर पोलिसांना शांतपणे तेवढं सांगायचं आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा फुंकायची विनंती करायची.

स्पिरिटचा प्रश्न चांगला आहे, आम्हालाही कॅज्युअल्टीत पहिल्या आठवड्यात तेच शिकवलेलं. दारूसाठी रक्त घ्यायचं असेल तर स्पिरिटचा बोळा बाजूला ठेवायचा, जागा साबणपाण्याने नाहीतर स्पिरिट नसलेल्या अँटिसेप्टिकने पुसायची, आणि रक्त सोडियम फ्लोराइड असलेल्या बाटलीत भरायचं, कारण साध्या बाटलीत ठेवलं तर जंतू रक्तातल्या साखरेपासून स्वतःच अल्कोहोल बनवू शकतात. मग हलवून, सील करून, लेबलवर वेळ टाकून न्यायसहायक प्रयोगशाळेत. स्पिरिट लावून वाळू दिलं तर प्रत्यक्षात आकड्यात फरक फारच थोडा पडतो, पण शंकेला जागा राहू नये म्हणून ही रीत. तुमच्या भावाच्या वेळी काय वापरलं ते वकिलांना सांगा, तो त्यांचा विषय.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मोटार वाहन कायदा १९८८, कलम १८५, मर्यादा १०० मिली रक्तात ३० मिलिग्रॅम. २०१९ च्या दुरुस्तीपासून पहिल्या वेळी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही, परत सापडला तर १५,००० रुपये दंड किंवा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन्ही. अटक केली तर दोन तासांच्या आत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी असंही कायद्यात आहे.

प्रश्न : मला चार महिन्यांचं बाळ आहे, अंगावर पितं. मैत्रिणीच्या संगीतला मी दोन ग्लास वाइन घेतली आणि घरी आल्यावर इतकं अपराधी वाटलं की दोन दिवस बाळाला पाजलंच नाही, दूध पिळून टाकून दिलं. सासूबाईंना सांगू शकत नाही. आता पाजू ना? नवऱ्याने पण तेवढीच घेतली, त्याला काहीच झालं नाही आणि मला गरगरायला लागलं असं का? – एक आई, पुणे

उत्तर : हो ताई, पाज. पत्र वाचताक्षणी पाज, एवढंच आधी.

दूध म्हणजे टाकी नव्हे की एकदा दारू पडली की साठून राहिली. रक्तात जेवढं अल्कोहोल तेवढंच त्या क्षणी दुधात, आणि रक्तातून उतरलं की दुधातूनही आपोआप परत जातं. म्हणून पिळून टाकल्याने काही लवकर जात नाही, छाती भरून दुखत असेल तर तेवढ्यापुरतं काढायचं. वाइनचा १५० मिलीचा एक ग्लास म्हणजे १४ ग्रॅम, पन्नास-पंचावन्न किलोच्या बाईला तो उतरायला साधारण अडीच तास लागतात, दोन ग्लासला पाच. तू दोन दिवस थांबलीस, बाळाचं दूध आणि तुझी झोप दोन्ही गेलं. पुढे कधी घ्यावीशी वाटलीच तर आधी बाळाला पोटभर पाजून, एकच ग्लास, आणि मग अडीच-तीन तास थांबून. न घेणं सगळ्यात बरं हे मी सांगणारच, पण एका संध्याकाळीसाठी स्वतःला इतकं छळू नकोस. त्या रात्री फक्त बाळाला कुशीत घेऊन झोपायचं नाही, झोप जड लागते, बाळ दबल्याचं कळत नाही. पाळण्यात ठेवायचं.

तुला जास्त का चढली, तर बाईच्या अंगात पाण्याचं प्रमाण पुरुषापेक्षा कमी असतं (हिशोबात ०.६८ ऐवजी ०.५५ धरतात), आणि वजनही सहसा कमी, त्यामुळे तेवढ्याच दारूने रक्तातला आकडा वर जातो. त्यात तू बाळामुळे कित्येक महिने घेतली नव्हतीस.

यावरून एक. आपल्याकडे अजून बाळंतिणीला ब्रँडी द्यायची पद्धत कुठे कुठे आहे, आणि सर्दी झाली की बाळाला दोन थेंब ब्रँडी चाटवतात, छातीला चोळतात. दारूने दूध वाढत नाही, उतरायला उलट अडथळा होतो. आणि बाळाला थेंबभरसुद्धा नाही. बाळाचं लिव्हर अजून तयार नसतं आणि त्याची साखर एकदम पडू शकते. कुणी कितीही मोठं माणूस सांगो.

प्रश्न : वडील ६१ वर्षांचे, डायबिटीस, मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइडची गोळी चालू. फक्त रविवारी दोन-तीन पेग घेतात, तेव्हा जेवण नीट करत नाहीत, चखण्यावरच भागवतात. दोनदा असं झालं की सोमवारी सकाळी घामाने भिजलेले, बडबडत होते. आम्हाला वाटलं अजून उतरली नाही, म्हणून झोपू दिलं. हे बरोबर केलं का? – मुलगी, कोल्हापूर

उत्तर : ताई, नशीब चांगलं म्हणून दोन्ही वेळा निभावलं. ती बहुतेक दारू नव्हती, साखर कमी झाली होती.

आपण उपाशी असताना, विशेषतः पहाटे, लिव्हर नवीन साखर बनवून रक्तात सोडत असतं. पण दारू आली की लिव्हर सगळं सोडून तिच्याच मागे लागतं आणि साखर बनवायचं काम थांबतं. त्यात ग्लिमेपिराइड साखर खाली ओढत असतं आणि पोटात भाकरी-भात काही नाही. रात्री दहाच्या पेगचा झटका पहाटे पाचला बसतो तो असा, दारू रक्तातून जवळपास गेलेली असते तेव्हा. घाम, थरथर, बरळणं, लटपटणं, हे सगळं दारू चढल्यासारखंच दिसतं, वर अंगाला वासही येत असतो, म्हणून घरचे, कधी कधी हॉस्पिटलवालेसुद्धा, "पिलाय, झोपू दे" म्हणतात.

घरी ग्लुकोमीटर असेलच. परत असं दिसलं की आधी बोट टोचा. ७० च्या खाली असेल आणि शुद्धीवर असतील, गिळता येत असेल तर तीन-चार चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासा, मग काहीतरी खायला. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालू नका, सरळ हॉस्पिटल, आणि तिथे गेल्या गेल्या डायबिटीस, गोळीचं नाव आणि रात्री घेतली होती हे तिन्ही सांगा, लाजू नका. वडिलांच्या डॉक्टरांना हे दोन प्रसंग याच आठवड्यात सांगा, गोळी बदलावी लागेल. ते म्हणतील आठवड्यातून एकदाच तर घेतो. पण ही गोळी आणि उपाशीपोट असेल तर तो एकच दिवस पुरतो.

प्रश्न : मी मर्चंट नेव्हीत आहे, सुट्टीवर घरी आलोय. जॉइनिंगच्या आधी मेडिकल असतं, यावेळी एजंट म्हणाला युरिनमध्ये ईटीजी पण बघतील. मी दहा दिवसांपूर्वी मित्रांबरोबर बसलो होतो. येईल का? – एक वाचक, गुहागर

उत्तर : दहा दिवसांपूर्वीचीच शेवटची असेल तर युरिनच्या ईटीजीत यायला नको. रक्तातून आणि श्वासातून दारू तासांत जाते, फार झाली तर दीड दिवस. पण लिव्हर थोड्याशा अल्कोहोलला एक शेपूट लावून पाठवतं, ती ईटीजी, आणि ती लघवीत दोन-तीन दिवस सापडते, खूप प्यायली असेल तर जरा जास्त. पेथ नावाची रक्ताची टेस्ट असते ती दोन ते चार आठवडे मागचं सांगते, तीही एखाद्या ग्लासची नाही, बऱ्यापैकी पिण्याची. केसांची टेस्ट तीन महिन्यांचं सांगते, केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो म्हणून तीन सेंटिमीटर केस घेतात. साध्या मेडिकलमध्ये जीजीटी, म्हणजे लिव्हरचं एक एन्झाइम, रक्तात वाढलेलं दिसलं की डॉक्टर विचारतात, ते कमी व्हायला दोन-तीन आठवडे न पिता जावे लागतात, आणि ते फॅटी लिव्हरनेही वाढतं, म्हणून नुसत्या जीजीटीवरून कुणाला दारुडा ठरवू नये.

जहाजावर आंतरराष्ट्रीय नियम ०.०५ टक्के, म्हणजे आपल्या भाषेत ५०, पण बऱ्याच कंपन्या शून्यच मागतात. विमानवाल्यांना आपल्याकडे उड्डाणाआधी १२ तास एक थेंब नाही आणि मशीनवर शून्य. लघवी पातळ करायला भरपूर पाणी पिणं, बाजारातली पावडर, यातलं काही करू नका, सॅम्पल पातळ असल्याचं लॅबला लगेच कळतं आणि नसलेला संशय येतो.

प्रश्न : डॉक्टर, माझे मालक वीस वर्षं रोज पीत होते. आषाढीला पंढरपूरला जाऊन माळ घातली आणि त्याच दिवशी दारू बंद केली. मला आनंद झाला. दुसऱ्या दिवशी हात थरथर कापायला लागले. तिसऱ्या रात्री चादरीवरचे किडे उचलून टाकायला लागले, किडे नव्हतेच. मेलेल्या भावाशी बोलत होते. शेजारचे म्हणाले बाहेरचं झालंय, अंगारा लावला. शेवटी माझ्या भावाने हॉस्पिटलात नेलं, पाच दिवस ठेवलं, आता चांगले आहेत. आता माझे धाकटे दीर कार्तिकीला माळ घालायची म्हणतात, ते पण रोजचेच आहेत. त्यांना पण असं होईल का? घालू द्यावी का नाही? – एक वाचक, बार्शी

उत्तर : ताई, तुमच्या भावाने मालकांचा जीव वाचवला. ही गोष्ट शेजाऱ्यांना सांगा, म्हणजे पुढच्या घरी अंगाऱ्यात रात्र जाणार नाही.

वर सगळ्यांना मी सांगितलं की दारू उतरायला किती तास लागतात. रोज पिणाऱ्याचा धोका ती उतरल्यावर सुरू होतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, वर्षानुवर्षं दाबलेला मेंदू सावरायला उलट जोर लावत बसलेला असतो. एका दिवसात वरचा हात काढला की तो जोर एकदम उसळतो. शेवटच्या पेगनंतर सहा तासांपासून हात कापणं, घाम, झोप नाही, मळमळ. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भास होणं, माणसं न ओळखणं, ताप, नाडी धावणं. मालकांना दिसलेले किडे म्हणजे हेच. याला उपचार मिळाला नाही तर माणूस दगावतो, मिळाला तर बहुतेक जण तुमच्या मालकांसारखे चालत घरी येतात.

दिरांना माळ जरूर घालू द्या. देवाच्या नावाने जी सुटते ती पुष्कळांची टिकते, हे मी माझ्या पेशंटांत बघितलंय. फक्त तयारी आधीपासून करा. कार्तिकीच्या दोन-तीन आठवडे आधी त्यांना सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या नाहीतर जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रात, पुण्यात १९८६ पासून मुक्तांगण आहे, तिकडेही भरती करून घेतात. डॉक्टर आठ-दहा दिवस झोपेच्या जातीची गोळी देऊन हळूहळू कमी करतात आणि बी-वन जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. हे बी-वन फार महत्त्वाचं, रोज पिणाऱ्यात ते संपलेलं असतं, म्हणून कुणी अशक्तपणा म्हणून आधी नुसतं ग्लुकोजचं सलाइन लावायला लागलं तर तुम्ही विचारा, डॉक्टर बी-वन दिलं का. कुठे न्यायचं कळत नसेल तर १४४४६ ला फोन करा, सरकारची व्यसनमुक्तीची हेल्पलाइन आहे, पैसे पडत नाहीत.

त्यांनी ऐनवेळी हट्ट केला आणि न सांगता बंद केलीच तर पहिले चार दिवस त्यांना एकटं सोडू नका. हात नुसते कापत असले तरी दवाखान्यात न्या. आधी कधी फिट येऊन गेली असेल, किंवा नसलेलं काही दिसायला लागलं, किंवा तुम्हाला ओळखेनासे झाले, तर रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं, १०८ ला बोलवा, आणि गेल्या गेल्या सांगा, रोज किती प्यायचे आणि शेवटची कधी घेतली. तेवढ्या दोन गोष्टींवर डॉक्टर पहिलं इंजेक्शन ठरवतात.

हॉस्पिटलात औषध घेतल्याने माळ बाटली का म्हणून मालक खंत करतात असं तुम्ही पत्राच्या मागच्या बाजूला लिहिलंय. औषधाने माळ बाटत नाही असं त्यांना माझ्याकडून सांगा. आणि पुढच्या महिन्यात त्यांना एकदा लिव्हरच्या टेस्टला नक्की न्या.